आइस स्लरी पाइपातून वाहते कशी? बेळगाव-खानापूरच्या नवख्या ऑपरेटरांसाठी

बर्फ पाण्यावर तरंगतो, हे चौथीतल्या मुलालाही माहीत असतं. पण बर्फाचे बारीक कण आणि मिठाचं पाणी एकत्र करून पंपाने पाइपातून फिरवायचं ठरवलं की त्याच गोष्टीवर सगळं येऊन ठरतं. पाइप किती मिलिमीटरचा घ्यायचा, व्हॉल्व्ह कुठला बसवायचा, प्रेशर गेजचं भोक कुठल्या बाजूला पाडायचं, वीज गेली तर आधी काय करायचं, या सगळ्यांची उत्तरं बर्फाच्या वर जाण्याच्या ओढीत आहेत. ही ओढ नीट समजली तर बाकीचं शिकायला वेळ लागत नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातली मुलं-मुली मराठी शाळेत दहावी करून आयटीआयला किंवा डिप्लोमाला जातात आणि मग उद्यमबाग, मच्छे इथल्या कारखान्यांत किंवा डेअरीत, शीतगृहात लागतात. तिथे पुस्तक इंग्रजीत असतं, सुपरवायझर कन्नडमध्ये सांगतो आणि शेजारचा ऑपरेटर मराठीत. तिन्ही ठिकाणचं थोडं थोडं हाती लागतं, पण विषय सलग कुणी सांगत नाही. हा लेख त्या मुलांसाठी आहे. गणित आठवी-नववीचंच लागेल, पण ते टाळू नका. आकडे स्वतः मांडून बघितले तरच पाइपात काय चाललंय ते डोळ्यांपुढे उभं राहतं.

पहिली पायरी: स्लरी म्हणजे काय ते पक्कं करा

मिठाच्या, ग्लायकॉलच्या किंवा अल्कोहोलच्या पातळ द्रावणात बर्फाचे बारीक स्फटिक, साधारण ०.१ ते १ मिलिमीटरचे, मिसळलेले असले की ती आइस स्लरी. नुसत्या पाण्यातही असं मिश्रण होतं, पण त्यातले कण एकमेकांना पटकन चिकटतात आणि यंत्राच्या भिंतीवर गोठून बसतात. म्हणून द्रावण लागतं. बनवण्याच्या पद्धती बऱ्याच आहेत. नवख्याला सहसा भेटतं ते खरवडणारं यंत्र. त्यात थंड भिंतीवर बर्फाचा पापुद्रा धरतो आणि आत फिरणारं पातं तो सतत खरवडून द्रावणात सोडतं.

द्रावण गोठताना बर्फात मीठ शिरत नाही. फक्त पाण्याचा बर्फ होतो आणि मीठ उरलेल्या पाण्यात मागे राहतं. म्हणून जसजसा बर्फ वाढतो तसतसं उरलेलं द्रावण जास्त खारं होतं आणि त्याचा गोठणबिंदू आणखी खाली सरकतो. पुढे बर्फाचं प्रमाण मोजताना हीच गोष्ट कामाला येणार आहे.

आपल्याकडच्या बऱ्याच डेअऱ्यांत आइस बँक टाकी असते. ती आणि स्लरी यांची गल्लत करू नका. आइस बँकेत कॉइलवर बर्फाचा जाड थर धरतो आणि तो टाकीतच राहतो. पाइपातून फिरतं ते फक्त थंड पाणी. स्लरीच्या पद्धतीत बर्फ स्वतःच पाइपातून प्रवास करतो. समुद्रावरच्या बोटींत खाऱ्या पाण्याचीच स्लरी करून मासळीवर सोडतात. समुद्राच्या पाण्यात सुमारे ३.५ टक्के मीठ असतं आणि ते उणे १.९ अंशांच्या आसपास गोठू लागतं, म्हणून वेगळं मीठ घालावं लागत नाही. मऊ स्लरी माशाला सगळ्या बाजूंनी वेढते. कारवार-गोव्याहून घाट चढून येणाऱ्या खोक्यांतल्या ठेचलेल्या बर्फासारखी ती टोचत नाही. दक्षिण आफ्रिकेतली म्पोनेंग ही सोन्याची खाण सुमारे ४ किलोमीटर खोल आहे. तिथे खालची हवा माणसांना सोसवेल इतपत थंड ठेवण्यासाठी बर्फाची स्लरी जमिनीवरून खाली पाठवतात. नुसतं पाणी पाठवलं असतं तर ते कितीतरी पट जास्त लागलं असतं आणि खाली पोचलेलं सगळं पाणी पुन्हा वर उपसावंही लागलं असतं.

दुसरी पायरी: किती बर्फ, किती पाइप, याचा हिशोब

खानापूरकडच्या एखाद्या दूध संकलन केंद्राचं उदाहरण घेऊ. सकाळी तासाभरात १,००० लिटर दूध आलं. ते ३५ अंशांवरून ४ अंशांवर आणायचं आहे. १,००० लिटर दुधाचं वजन सुमारे १,०३० किलो. एक किलो दूध एक अंशाने थंड करायला साधारण ३.९ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. १,०३० × ३.९ × ३१ म्हणजे जवळजवळ १,२५,००० किलोज्यूल. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता ओढून घेतो, म्हणजे सुमारे ३७५ किलो बर्फ लागला.

ही उष्णता एका तासात काढायची तर दर सेकंदाला सुमारे ३५ किलोज्यूल, म्हणजे ३५ किलोवॅट, म्हणजेच १० टनांचा (हा टन वजनाचा नव्हे, थंड करण्याच्या ताकदीचा) प्लांट हवा. पण हाच बर्फ आधीच्या दहा तासांत हळूहळू करून ठेवला तर यंत्र त्याच्या एक दशांशाच्या आसपास पुरतं, वर थोडी गळती धरायची. दूध सकाळ-संध्याकाळ दोनच वेळा येतं आणि मधले तास यंत्र रिकामं असतं. बर्फ साठवण्याचा खरा फायदा इथे आहे.

आता पाइप. स्लरीत वजनाने २० टक्के बर्फ असेल तर एक किलो स्लरी ०.२ × ३३४ म्हणजे ६७ किलोज्यूल उष्णता घेते. थंड पाणी वापरलं आणि ते जाताना-येताना ५ अंशांनी तापू दिलं तर एक किलो पाणी फक्त २१ किलोज्यूल घेतं. म्हणजे स्लरी तिप्पट काम करते. आपल्या ३५ किलोवॅटसाठी सेकंदाला जेमतेम अर्धा लिटर स्लरी पुरते आणि वेग सेकंदाला १ मीटर ठेवला तर आतून २५ मिलिमीटरचा पाइप चालतो. थंड पाण्याला त्याच वेगाने ४६ मिलिमीटरचा लागला असता.

एचडीपीई (प्लास्टिकचा) पाइप घेताना एक गोष्ट दुकानातच विचारून घ्या. त्याचं माप बाहेरच्या व्यासाचं असतं. ३२ मिलिमीटरचा जाड भिंतीचा पाइप आतून सुमारे २६ मिलिमीटरचा भरतो. हिशोबात नेहमी आतला व्यास धरायचा.

तिसरी पायरी: आधी घरच्या घरी डोळ्यांनी बघा

प्लांटवर हात लावण्याआधी हा प्रयोग नक्की करा. पुस्तकातल्या आकृतीवरून जे कळत नाही ते यात पाच मिनिटांत कळतं.

लेव्हल घ्यायला गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी आणा, पण त्यांची बारीक असते तशी नको. आतून २५ मिलिमीटरची, तीन-चार मीटर लांब. दोन बादल्या, वजनकाटा, थर्मामीटर. ७५० ग्रॅम पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवा आणि त्यात खायच्या रंगाचे चार थेंब टाका. द्रावण रंगीत आणि बर्फ पांढरा, त्यामुळे कोण कुठून चाललंय ते वेगळं दिसतं. हे द्रावण फ्रीजरमध्ये ठेवा आणि कडेला पहिला पातळ पापुद्रा धरायला लागला की काढा. २०० ग्रॅम बर्फ मिक्सरमध्ये अगदी बारीक करून लगेच त्यात ढवळा. ही झाली २० टक्क्यांची स्लरी. नळीभर वाहून हवी असेल तर याच प्रमाणात पाच-सहा पट करा.

नळीचा मधला भाग जमिनीवर आडवा ठेवा, एक टोक उंचावरच्या बादलीला, दुसरं टोक खालच्या बादलीत. वरची बादली सतत ढवळत राहायला कुणाला तरी बसवा, नाहीतर बर्फ वर तरंगेल आणि नळीत नुसतं पाणी जाईल. खालचं टोक पूर्ण सोडा. एक लिटर भरायला दोन सेकंद लागले तर वेग सेकंदाला १ मीटर, चार सेकंद लागले तर अर्धा मीटर.

आता खालचं टोक बोटांनी हळूहळू दाबत वेग कमी करा आणि आडव्या भागाकडे बघत राहा. आधी सगळी नळी सारखी पांढुरकी दिसते. वेग उतरला की वरचा अर्धा भाग जास्त पांढरा होतो आणि खाली रंगीत पट्टा दिसू लागतो. आणखी कमी केला की बर्फाचा थर नळीच्या छताला टेकून घसरत चालतो, खालून पाणी त्याला मागे टाकतं. शेवटी थर जागीच थांबतो आणि फक्त रंगीत पाणी बाहेर पडतं. खालच्या बादलीत पाणी येतंय म्हणून स्लरी वाहतेय असं समजणारा माणूस इथेच फसतो. प्लांटमधला पाइप पारदर्शक नसतो, म्हणून हे चार टप्पे नीट आठवणीत ठेवा.

चौथी पायरी: बर्फाचं प्रमाण मोजायला शिका

वरच्या मिश्रणात एकूण मीठ ५ टक्के आहे. असं द्रावण उणे ३ अंशांच्या जरा खाली गोठायला लागतं. २० टक्के बर्फ झाला की उरलेल्या द्रावणात मीठ ५ भागिले ०.८, म्हणजे ६.२५ टक्के होतं आणि तापमान उणे ३.९ अंशांच्या आसपास येतं. म्हणजे शून्यापासून २० टक्के बर्फापर्यंतचा सगळा प्रवास एका अंशाच्या आत होतो. बाजारातला साधा थर्मामीटर अर्ध्या अंशाने चुकला तर तुमचं उत्तर निम्म्याने चुकलं. त्यामुळे तापमानावरून प्रमाण काढायचं असेल तर दशांशात वाचणारा, वेळोवेळी तपासलेला थर्मामीटरच हवा.

नमुना गाळून उरलेल्या द्रावणातलं मीठ रिफ्रॅक्टोमीटरने (थेंबातून प्रकाश किती वाकतो त्यावरून मीठ दाखवणारं उपकरण) बघणं हा दुसरा मार्ग. सुरुवातीचं मीठ भागिले आताचं मीठ, ते १ मधून वजा केलं की बर्फाचं प्रमाण. चाळणीत उरलेला बर्फ तोलून मात्र प्रमाण काढू नका. त्याच्या अंगाला भरपूर द्रावण चिकटलेलं असतं आणि आकडा फुगतो.

मला सगळ्यात भरवशाची वाटते ती थर्मासची चाचणी. ४० अंशांचं एक किलो पाणी थर्मासमध्ये घ्या, त्यात एक किलो स्लरी ओता, झाकण लावून हलवा, सगळा बर्फ वितळला की तापमान वाचा. स्लरीत बर्फ अजिबात नसता आणि ती तेवढीच थंड असती तर मिश्रण सुमारे १८.५ अंशांवर थांबलं असतं. बर्फाच्या प्रत्येक टक्क्यामागे ते साधारण ०.४ अंशाने खाली येतं. १०.५ च्या आसपास आलं तर बर्फ २० टक्के. इथे थर्मामीटर अर्ध्या अंशाने चुकला तरी बर्फाचा आकडा एक-सव्वा टक्क्यानेच हलतो.

मीठ स्वस्त आहे, पण लोखंडाला खातं आणि ३०४ स्टेनलेस स्टीललासुद्धा हळूहळू खड्डे पाडतं. म्हणून खाऱ्या स्लरीला एचडीपीई पाइप बरा, आणि स्टील घ्यायचंच असेल तर ३१६. खाद्यपदार्थाच्या जागी ग्लायकॉल वापरायचं तर प्रॉपिलीन ग्लायकॉलच. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, दुधाच्या आसपास त्याचा डबासुद्धा ठेवू नका. अल्कोहोलची एक गंमत आहे. ते पाण्यापेक्षा हलकं असल्याने द्रावणाची घनता उतरते आणि बर्फ वर जाण्याचा जोर कमी होतो. मिठाने उलट घनता चढते. बर्फाची घनता घनमीटरला ९१७ किलो, तर ६.२५ टक्के मिठाच्या द्रावणाची सुमारे १,०४५. हा फरक जितका मोठा, तितका बर्फ लवकर छताला जातो.

पाचवी पायरी: वेग ठरवा

२५ ते ५० मिलिमीटरच्या आडव्या पाइपात, बारीक स्फटिक असतील तर, सेकंदाला ०.५ मीटरच्या खाली जायचं नाही. आखणी करताना १ मीटर धरावा असं माझं ठाम मत आहे. मोठ्या पाइपात बर्फ मिसळलेला ठेवायला आणखी वेग लागतो आणि स्फटिक जाड झाले तरी लागतो. जाड ते होतातच. साठवणीच्या टाकीत तास-दोन तास गेले की लहान कण विरघळतात, मोठे कण त्यांच्या जिवावर वाढतात आणि गोलसर होतात. सकाळी केलेली आणि संध्याकाळी वापरलेली स्लरी एकसारखी वाहत नाही, ती यामुळे.

मग वेग आणखी वाढवला तर? २५ मिलिमीटरच्या १०० मीटर सरळ पाइपाला, २० टक्के स्लरी सेकंदाला १ मीटरने नेताना, सुमारे ७ मीटर हेड (म्हणजे पाणी तेवढं उंच चढवायला लागेल इतका दाब) खर्च होतं. २ मीटरने नेली तर २४ मीटरच्या आसपास. वेग दुप्पट, खर्च तिपटीहून जास्त. आणि पंपाने घातलेली ती सगळी ऊर्जा शेवटी उष्णता होऊन तुमचाच बर्फ वितळवते.

बर्फाचं प्रमाण वाढवण्याचाही मोह होतो. पण दाटपणा प्रमाणाच्या हिशोबात वाढत नाही. १९६५ साली थॉमस यांनी मांडलेलं सूत्र या कामात अजून वापरतात. त्यानुसार १० टक्के कण असतील तर दाटपणा मूळ द्रावणाच्या १.४ पट, २० टक्क्यांना दुप्पट आणि ३० टक्क्यांना तिप्पट होतो. शिवाय साधारण १५ टक्क्यांच्या पुढे स्लरी पाण्यासारखी वागणं सोडायला लागते. थांबलेली असली तर हलण्याआधी तिला एक ठरावीक धक्का द्यावा लागतो. नवख्याने १० ते २० टक्क्यांतच काम करावं. २५-३० टक्के हा अनुभवी हातांचा प्रांत आहे.

सहावी पायरी: पाइपलाइन मांडा

बेळगावातल्या ॲल्युमिना कारखान्यात काम केलेल्या माणसाला स्लरी हा प्रकार नवा नाही. बॉक्साइटमधून निघणारा लाल गाळ त्याने हाताळलेला असतो. आपल्याच राज्यात कुद्रेमुखहून मंगळूरपर्यंत ६७ किलोमीटर पाइपातून लोहखनिजाची स्लरी जात असे. पण त्या सगळ्या खाली बसणाऱ्या स्लऱ्या. त्या कामात मुरलेला फिटर सवयीने प्रेशर गेजचं भोक पाइपाच्या वरच्या बाजूला पाडतो, कारण खाली गाळ बसतो. बर्फाच्या लाइनीत वरचं भोक पहिल्याच दिवशी बर्फाने बंद होतं आणि गेज खोटं बोलायला लागतं. इथे भोक बाजूला किंवा खाली हवं.

तसंच उंचवट्याचं. गाळाच्या लाइनीत खोलगट जागा धोक्याची, बर्फाच्या लाइनीत उंचवटा. पाइप एखाद्या तुळईवरून कमानीसारखा नेला तर कमानीच्या डोक्यावर बर्फ जमत राहतो आणि हवाही तिथेच अडकते. शक्यतो सलग एका चढाने न्या. डोकं टाळता येत नसेल तर तिथे हवा सोडायची सोय करा आणि वेग जास्त ठेवा. उभ्या पाइपात वर जाणाऱ्या प्रवाहात बर्फ पाण्याच्या जरा पुढे धावतो, म्हणून तो साचत नाही. खाली उतरणाऱ्या प्रवाहात मात्र बर्फ मागे रेंगाळतो आणि त्या भागात प्रमाण वाढत जातं. उतरत्या उभ्या पाइपाचा व्यास कधीही वाढवू नका.

फांदी काढायची तर टी बाजूला वळवा. वर तोंड असलेल्या फांदीत गरजेपेक्षा जास्त बर्फ शिरतो, खालच्या फांदीला नुसतं पाणी मिळतं. वापरात नसलेली, टोक बंद असलेली वरची फांदी म्हणजे बर्फाची गाठ तयार होण्याची जागा. ती कापून टाका.

अरुंद जागांकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. ऊस चरकात घातला की रस पुढे जातो आणि चिपाड मागे राहतं, अगदी तसंच अर्धवट उघड्या व्हॉल्व्हमध्ये होतं. द्रावण फटीतून निसटतं, बर्फ मागे दाबला जातो, आणि पंप जितका जोर लावेल तितका तो घट्ट होतो. म्हणून ग्लोब व्हॉल्व्ह नको, पूर्ण भोकाचा बॉल व्हॉल्व्ह हवा आणि तो एकतर पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद. प्रवाह कमी-जास्त करायचा तर पंपाला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) लावा, व्हॉल्व्ह आवळू नका. एल्बो मोठ्या वळणाचे घ्या. जाळीचा स्ट्रेनर स्लरीच्या वाटेवर नको. तो हवाच असेल तर बर्फ वितळून परत येणाऱ्या लाइनीवर. फ्लोमीटर इलेक्ट्रोमॅग्नेटिक घ्या, कारण त्याच्या आत अडथळा नसतो. पंखा फिरणारा किंवा ओरिफिस प्लेटचा घेतला तर तोच पहिली गाठ बनवेल.

टाकीत ढवळणी हवी. ती बंद पडली की बर्फ वर, पाणी खाली, आणि तळाच्या सक्शनमधून नुसतं थंड द्रावण जाऊ लागतं. पंप २० टक्क्यांपर्यंत साधा सेंट्रिफ्यूगल चालतो, त्याहून दाट स्लरीला मोनो पंप (फिरत्या स्क्रूने माल पुढे ढकलणारा). सक्शनची लाइन आखूड आणि रुंद ठेवा.

सातवी पायरी: चालू करणं आणि थांबवणं

पहिल्यांदा बर्फाशिवाय नुसतं द्रावण फिरवा. गळती बघा, हवा काढा, प्रत्येक फांदीत प्रवाह पोचतोय का ते बघा आणि तेव्हाचं पंपाचं प्रेशर लिहून ठेवा. मग बर्फ यंत्र चालू करून आधी ५ टक्के, मग १०, मग हवं तेवढं, असं चढत जा. प्रत्येक टप्प्यावर प्रेशर आणि प्रवाह दोन्ही लिहा. प्रेशर वाढून प्रवाह उतरायला लागला तर कुठेतरी थर धरतोय. प्रेशर उतरलं आणि थंडावाही कमी झाला तर टाकीतून नुसतं पाणी येतंय.

थांबवताना क्रम उलटा. आधी बर्फ यंत्र बंद, मग ढवळणी थांबवून तळाचं स्वच्छ द्रावण लाइनीतून फिरवायचं, परत येणारं द्रावण बर्फाशिवाय दिसलं की पंप बंद. लाइनीत स्लरी तशीच ठेवून घरी जायचं नाही.

मिठाचं प्रमाण रोज तपासा. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पावसात टाकीचं झाकण नीट नसेल तर द्रावणात पाणी मिसळत राहतं. द्रावण पातळ झालं की ते आधीच गोठायला लागतं आणि खरवडणारं पातं बर्फात अडकून मोटर जळते. पावसाळ्यात हा धोका खरा आहे, झाकणाचा रबर आधीच बदलून ठेवा.

आठवी पायरी: मध्येच वीज गेली तर

वीज गेली की पाइपातला बर्फ काही सेकंदांत छताला जमतो आणि जितका वेळ जाईल तितके कण एकमेकांना जुळत जातात. आपोआप वितळेल म्हणून वाट बघायची का? हिशोब करू. २५ मिलिमीटरच्या १०० मीटर पाइपात सुमारे ५० लिटर स्लरी, म्हणजे १० किलो बर्फ. त्यावर २५ मिलिमीटर जाडीचं चांगलं इन्सुलेशन असेल आणि बाहेर ३० अंश असतील, तर बाहेरून मीटरमागे ७-८ वॅटच उष्णता आत शिरते. तेवढ्याने तो बर्फ वितळायला सव्वा तास लागेल. ५० मिलिमीटरच्या पाइपात ४० किलो बर्फ असतो, त्याला तीन तासांहून अधिक. इन्सुलेशन जितकं चांगलं तितकी गाठ जास्त टिकते.

म्हणून निदान फिरवणाऱ्या पंपापुरता छोटा जनरेटर ठेवाच. तो नसेल तर वीज आल्यावर बर्फ यंत्र लगेच चालू करू नका. ढवळणी बंदच ठेवा म्हणजे टाकीच्या तळाला स्वच्छ द्रावण मिळेल. हीट एक्स्चेंजरना (ज्यात पातळ प्लेटांच्या एका बाजूने दूध आणि दुसऱ्या बाजूने स्लरी वाहते) बायपास करा, सगळे व्हॉल्व्ह पूर्ण उघडे आहेत ना ते बघा आणि मग पंप चालू करा. प्रेशर चढलं आणि फ्लोमीटर शून्यावरच राहिला तर पंप ताबडतोब थांबवा. ढकलत राहिलात तर गाठीतलं द्रावण पिळून निघतं आणि ती आणखी कडक होते. दुसऱ्या टोकाकडून उलटा प्रवाह देऊन बघा. तरीही सुटली नाही तर गाठीच्या जागचं इन्सुलेशन उघडून नळाचं साधं पाणी ओतत राहा. हातोडा मारू नका, आणि एचडीपीई पाइपाला ज्योत तर कधीच लावू नका.

नववी पायरी: दुधाच्या प्लेटांवर लक्ष

दूध उणे ०.५ अंशाच्या जरा खाली गोठतं आणि आपली स्लरी उणे ३.९ वर आहे. दूध वाहतंय तोवर चालतं, पण दुधाचा पंप थांबला आणि स्लरी चालूच राहिली तर प्लेटांमधलं दूध गोठतं. म्हणून दुधाचा पंप बंद पडताच स्लरी आपोआप बायपासला वळेल अशी जोडणी इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि दर आठवड्याला ती मुद्दाम चालवून तपासा. प्लेटांमधली फट जेमतेम काही मिलिमीटरची असते. स्फटिक जाड झालेले असतील तर तिथे स्लरी पाठवूच नका, टाकीच्या तळाचं थंड द्रावण पाठवा. थंडावा तोच मिळतो, फक्त प्रवाह वाढवावा लागतो, आणि त्यासाठी त्या एका लाइनीचा पाइप आधीपासून मोठा ठेवावा लागतो.

आता स्लरी बसवावी की नाही, हा प्रश्न मालक तुम्हालाच विचारतील. दूध थोडं असेल आणि यंत्र दुधाच्या टाकीजवळच असेल तर आइस बँक पुरते. ती साधी आहे आणि दुरुस्तीला माणूस इथेच मिळतो. पाइप लांब न्यायचा असेल, जागा कमी असेल, किंवा एकाच बर्फ यंत्रावर दूध, भाजीचं शीतगृह आणि मासळी अशी तीन-चार ठिकाणं चालवायची असतील, तर स्लरीचा विचार करा. आणि तेव्हाही कोटेशन मागवताना आधी या चार गोष्टी विचारा: बर्फाचं प्रमाण किती धरलंय, सगळ्यात मोठ्या पाइपातला वेग किती आहे, टाकीला ढवळणी कुठली आहे, आणि वीज गेल्यावर लाइन रिकामी करायची सोय काय आहे.